अन् बाबू

आमच्या घरात लिंगाच्या चुका करण्याचा मान माझ्या मुलीचा. ती बर्मिंगहॅमला जन्मली, इथेच वाढली. तिच्या मराठीत खुर्ची पुरुष असते, पंखा बाई असतो आणि आजोबा त्या दिवशी जमेल तसे. "आजोबा झोपली आहे," असं ती एकदा फोनवर माझ्या पुण्याच्या आईला म्हणाली, तेव्हा आईने पाच मिनिटं, घरात कोण पाहुणी आलीय आणि ती भरदुपारी का झोपलीय, याची चौकशी केली होती. मी या चुकांवर मनसोक्त हसायचे. माझी मराठी पुण्याची, त्यातून इतिहासात एम.ए., म्हणजे मी चुका केल्याच तर संदर्भासहित करते. गेल्या वर्षी मी एक चूक केली. ती लिंगाचीच होती, आणि चार महिने चालली.

माझे सासरे, घरात सगळ्यांचे अण्णा, इथल्या हॉस्पिटलांत आयुष्यभर सर्जन म्हणून काम करून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर मधोमध डाग पडला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणजे टीव्हीवर बातम्या देणारी बाई दिसावी म्हणून ते टीव्हीशेजारच्या कुंडीकडे बघतात. माझ्याशी बोलताना माझ्या उजव्या कानाकडे. सुरुवातीला मी दर वेळी कानातलं चाचपून बघायचे.

वाचता येईनासं झाल्यावर माणसाला वाचायचं राहिलेलं सगळं आठवत असावं. एका दुपारी चहा घेताना अण्णा माझ्या कानाला म्हणाले, "सूनबाई, जुने पेपर कॉम्प्युटरवर टाकलेले असतात म्हणे. त्यात बटावियाचे असतील का गं?"

बटाविया कुठे, हे मला एम.ए. असल्यामुळे माहीत होतं आणि का, हे सून असल्यामुळे. आताचं जकार्ता, तेव्हाचं डच राजवटीतलं बटाविया. अण्णांच्या आजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धाच्याही आधी वेंगुर्ल्याकडच्या त्यांच्या गावातून निघाला, मुंबईला आगबोटीवर कामाला लागला आणि गेला तो गेलाच. बटावियाहून एकदा कार्ड आलं होतं. खुशाल आहे, इथे उकाडा फार, घरच्यांनी काळजी करू नये. मग काही नाही. घरात त्याला बाबू म्हणत. कोकणात घरटी एक बाबू असतो, तसा हा यांचा.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको राहिली. तिला सगळं घर काकी म्हणायचं, अण्णांचे वडील काकी म्हणायचे म्हणून अण्णाही काकी म्हणायचे. बाबूची काही खबर नाही, म्हणजे तो गेल्याचीही खबर नाही, म्हणून काकीने कुंकू कधी पुसलं नाही. सत्तरी ओलांडली, पाठीत वाकली, पण वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची. अण्णा डॉक्टर होऊन इंग्लंडला निघाले तेव्हा ती पायरीपर्यंत आली आणि म्हणाली, "आगबोटी थंयसूनच सुटतत मा? मगे इचारून ये."

तिच्या लेखी विलायत म्हणजे आगबोटींची एक मोठी कचेरी असणार. अण्णा "हो" म्हणाले आणि मुंबईला जाऊन विमानात बसले.

दुसऱ्याच वर्षी काकी गेली. गावाहून पत्र आलं तेव्हा अण्णा सलग तिसऱ्या दिवशी ऑन कॉल होते. पत्रात लिहिलं होतं, हिरवं लुगडं नेसवून, बांगड्या भरून, सवाष्ण म्हणून पाठवली.

"मी कुणालाही विचारलं नाही," अण्णा म्हणाले. "विचारणार कुणाला होतो म्हणा! मॅट्रनला विचारू, की बाई, आमचा बाबू बघितलात का? पण हो म्हणालो होतो." मग चहाचा कप अंदाजाने बशीत ठेवत म्हणाले, "तो येऊ शकला नाही, की त्याला यायचंच नव्हतं, एवढं कळलं तरी पुरे. बाकी काही नको. सर्वपित्रीला सगळ्यांना पाणी देतो, त्याला आजपर्यंत दिलेलं नाही. द्यायचं की नाही ते तरी ठरवता येईल."

सर्वपित्री अमावास्येला अजून पाच-सहा महिने होते. मी लायब्ररीत आठवड्यातले तीन दिवस काम करते, उरलेले चार दिवस आपण काहीतरी मोठं करायला जन्मलो होतो असं वाटून घेते. मी म्हणाले, "त्यात काय अण्णा, शोधू या की."

*

डच लोक व्यवस्थित. त्यांनी जावा-सुमात्रापासून जिथे जिथे राज्य केलं तिथले जुने पेपर पानन् पान स्कॅन करून ठेवलेत. वर एक खिडकी असते, तिच्यात शब्द टाकायचा की तो शब्द असलेली सगळी पानं येतात. मला डच येत नाही. पण मोबाइल पानासमोर धरला की तो भाषांतर करतो, आमच्या मुलीच्या मराठीपेक्षा थोडं बरं.

रोज दुपारी तीनला मी अण्णांना पेपर वाचून दाखवायला लागले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बातम्या ते अशा ऐकायचे की जणू सकाळीच अंक दारात पडला आहे. आम्ही बटावियाचे रहिवासी होऊन गेलो. कुठला साहेब मायदेशी चाललाय म्हणून त्याच्या घरच्या सामानाचा लिलाव आहे, हे आम्हाला माहीत. पियानो, आरामखुर्च्या, संगमरवरी टेबलं, फर्नच्या कुंड्या, दोन घोडे, पैकी एक स्वभावाने शांत.

"म्हणजे दुसरा चावरा," अण्णा म्हणाले.

कुणाला मुलगी झाली, कुणाला बढती मिळाली, कुणी टेनिसचा कप जिंकला. कुठली मॅडम आजारी पडून डोंगरावर हवापालटाला गेली. सगळ्यांना नाव, हुद्दा, आडनावाआधी दोन-तीन आद्याक्षरं. एक कुत्रा हरवला होता, त्यालाही नाव होतं, हाक मारली की तो येतो असं खाली लिहिलं होतं.

आपल्यासारखी माणसं शोधायला वेळ लागला. ती शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत असायची. एक देशी इसम गाडीखाली सापडला. गोदीत एक हमाल पाण्यात पडला, दुपारी वर काढला. एका बंगाल्याची गाय चोरीला गेली. एका मुंबईवाल्याच्या कापडदुकानात आग लागली, आणि आग कुठून कशी लागली याचं अर्धा कॉलम वर्णन होतं, मुंबईवाल्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

"नाव?" अण्णा दर वेळी विचारायचे.

"नाहीये, अण्णा."

"बरं, पुढे."

अण्णांचं आडनाव मी वीस प्रकारांनी टाकून बघितलं. एकदा एक दंतमंजनाची जाहिरात आली, बाकी काही नाही. महिनाभराने अण्णांचा उत्साह ओसरायला लागला आणि माझा तर कधीच ओसरला होता. इतक्यात मुलगी विद्यापीठातून सुट्टीला घरी आली. तिची एक हाऊसमेट डच होती. तिच्याकडून हिला कळलं होतं की डचमध्ये ओ आणि ई शेजारी आले की उच्चार होतो ऊ.

"आई, तू बाबू कसं टाइप करते? यू लावून? चुकीचा आहे तो स्पेलिंग. ओ-ई लाव!"

मी बी-ए-बी-ओ-ई टाइप केलं आणि एंटर मारला.

हजारो पानं आली.

आम्ही तिघंही ओरडलो. नवरा वरच्या खोलीत झूमवर मीटिंगमध्ये होता. नंतर त्याने सांगितलं की त्याच्या बॉसला वाटलं आमच्याकडे गोल झाला.

बाबू सगळीकडे होता! मुख्य म्हणजे बोटींच्या प्रवाशांच्या याद्यांत. कुणी एक इंजिनीयर साहेब, पत्नी, तीन मुलं अन् बाबू. कुणी मळ्याचा मॅनेजर, पत्नी, एक मूल अन् बाबू. डचमध्ये 'आणि' या शब्दाला 'एन' म्हणतात, जवळजवळ आपला 'अन्'. अण्णांना तर ते मराठीच वाटायला लागलं. पाठांतर करावं तसं पुटपुटायचे, "पत्नी, दोन मुलं, अन् बाबू."

मोबाइल बाकी सगळ्याचं भाषांतर करायचा, हा एक शब्द तसाच ठेवायचा. विशेषनाम म्हणूनच ठेवत असणार, असा निष्कर्ष मी काढला. इतिहासात एम.ए.

"साहेबाचा कारकून झाला होता तो," अण्णा म्हणाले. "इंग्रजही कारकुनाला बाबूच म्हणायचे. हुशार होता म्हणे. साहेबाचं पानही हलत नसणार त्याच्याशिवाय. नाही तर बायकामुलांबरोबर घेऊन कशाला हिंडेल?"

"पण आजोबा," मुलगी यादी बघत म्हणाली, "एकाच आठवड्यात तो तीन बोटांवर कसा असेल?"

"बोटींवर," मी म्हणाले. "बोटांवर नव्हे."

"तेच. तीन शिप्स."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "याद्या मागेपुढे छापत असतील."

खरं म्हणजे त्या पोरीचं व्याकरण चुकलं होतं आणि प्रश्न बरोबर होता. मी व्याकरण सुधारलं आणि प्रश्न सोडून दिला.

मग जाहिराती सापडल्या. बाबू पाहिजे, स्वच्छ, चांगल्या शिफारशीचा, शिवणकाम येणारा.

"शिवणकाम?" मी जरा थांबले.

"का? मी चाळीस वर्षं काय केलं?" अण्णांनी हवेत टाका घातला. "आमच्या घराण्यात पुरुषांचा हात बारीक."

दुसरी जाहिरात: युरोपच्या प्रवासासाठी बाबू पाहिजे, बोट न लागणारा.

"कोकणातलाच!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बोट लागत नाही, बघ. वेंगुर्ल्याचा आहे, कशाला लागेल!"

एका जाहिरातीच्या भाषांतरात मोबाइलने मध्येच 'तिला' म्हटलं होतं. ते मी वाचलं, माझ्या डोळ्यांनी वाचलं. आणि म्हटलं, हा मोबाइलही आमच्या मुलीच्याच शाळेतला दिसतो. मी तिथे मनातल्या मनात 'त्याला' केलं आणि पुढे गेले. अण्णांना दिसत नव्हतं. त्यांच्या वाटचे डोळे माझ्याकडे होते, आणि मी ते असे वापरले.

त्यात मला गोष्ट सांगायची खोड. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला बसमध्ये मी बाबूची कथा सांगितली. घरून निघाले तेव्हा तो कारकून होता, स्ट्रॅटफर्डला पोचेपर्यंत मळ्याचा सुपरिंटेंडेंट झाला. परतताना मागच्या सीटवरच्या एका काकांनी विचारलं, "मग तिकडे दुसरं घर केलं का हो त्याने?" सगळे हसले. मीही हसले.

अण्णा हसले नाहीत. ते बसच्या खिडकीकडे बघत होते, म्हणजे त्या काकांकडेच बघत होते.

*

त्यानंतर अण्णा यादी ऐकताना बाबूच्या आधी बोट कुठे कुठे थांबली ते विचारायला लागले. आणि एका गुरुवारी मी वाचलं: बटाविया सोडून हॉलंडला निघालेली बोट, वाटेत कोलंबोला थांबणार. कुणी निवृत्त अधिकारी, पत्नी, चार मुलं अन् बाबू.

"कोलंबो," अण्णा म्हणाले.

"हो."

"कोलंबोपर्यंत आला. तिथून मुंबई किती लांब? आणि समज, नाही उतरता आलं. नोकरी आहे, मान्य. पोस्टात कार्ड टाकायला काय झालं होतं?" त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका चढला. ऑपरेशन थिएटरात चढत असेल. "साहेबाच्या मुलांबरोबर हॉलंड बघून आला, परत गेला, पुन्हा आला! आणि ती वडाला सूत गुंडाळत बसली होती."

"अण्णा, त्या काळी..."

"काही त्या काळी नाही. बरं झालं मी तिला विचारून सांगितलं नाही ते. काय सांगणार होतो? मजेत आहे म्हणून?"

त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला. मला म्हणाले, "सर्वपित्रीला त्याला पाणी नाही. ठरलं."

मी प्रिंट काढलेल्या कागदांची फाइल बंद केली. आमच्या शोधाने एक माणूस सापडला होता आणि तो नालायक निघाला होता.

*

गणपतीत मुलगी तिच्या डच हाऊसमेटला घेऊन जेवायला आली. उंच, लाजाळू, मोदक दोन हातांनी धरून खाणारी मुलगी. अण्णांनी राग बाजूला ठेवून तिला फाइल दाखवली. कितीही झालं तरी पाहुणी डच होती, आणि शोध आमचा.

"हा आमचा नातेवाईक," अण्णा इंग्रजीत म्हणाले, "माणूस म्हणून वाईट. पण बघ, किती ठिकाणी आलाय."

तिने पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. प्रत्येक पानावर मी पिवळ्या हायलाइटरने बाबू रंगवला होता. मग तिने फाइल हळूच मिटली आणि बेसिनमध्ये हात धुण्याचं निमित्त करून माझ्या मागून किचनमध्ये आली.

"मला वाटतं मी काहीतरी चुकीचं समजतेय," ती म्हणाली. चांगल्या घरची मुलगी, चूक आपल्याकडे घेऊन बोलत होती. "पण हा शब्द म्हणजे नाव नाही. बाबू म्हणजे आया. मुलांना सांभाळणारी तिथली बाई."

मी वरणाच्या पातेल्यात डाव तसाच धरून उभी.

"सगळ्या?"

"सगळ्या. आमच्या घरी पण होती एक. पणजी जावामध्ये जन्मली ना. अल्बममध्ये फोटो आहे. खाली सगळ्यांची नावं लिहिलीत, बाळाचं वय लिहिलंय, किती महिन्यांचं. आणि जिने बाळ धरलंय, तिच्याखाली फक्त..." तिने पूर्ण केलं नाही. "पणजी म्हातारपणी तिच्यासाठी रडायची. आम्ही तिला विचारलं, तिचं नाव काय होतं? तिला माहीत नव्हतं."

बाहेर अण्णा मुलीला सांगत होते, "तुझ्या मैत्रिणीला विचार, अजून मोदक पाहिजे का?" आणि मुलगी म्हणत होती, "आजोबा, तो लाजते."

पाहुणी गेल्यावर मी फाइल पुन्हा चाळली. शिवणकाम येणारी. बोट न लागणारी. चार मुलं अन् बाई. चार महिने मी त्या एवढ्या बायकांना मिशा लावून एकच बाबू म्हणून फिरवलं होतं, आणि वर त्यांच्या प्रवासांचं खापर आमच्या बाबूच्या माथी फोडलं होतं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णांना सांगू नकोस. काय फरक पडतो आता?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "की सांगावं?"

मलाही ठरवता येईना. सांगितलं तर त्यांच्या हातात जे एकच काही आलं होतं ते जाणार, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे शून्य. नाही सांगितलं तर एक निरपराध माणूस, गोदीत बुडून मेलेला असेल, तापाने मेलेला असेल, कदाचित घरी यायला निघालेला असेल, तो आमच्या घरात पळपुटा म्हणून राहणार. दहा दिवस मी 'आज डोकं दुखतंय' म्हणून पेपर वाचला नाही. अण्णांनी दोनदा माझं ब्लडप्रेशर बघितलं.

अकराव्या दिवशी मी चहा ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, एक चूक झालीय."

"कोणती बाजू?" अण्णांनी लगेच विचारलं. चूक म्हटलं की सर्जन पहिल्यांदा डावी की उजवी हे विचारतो.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, ते मोबाइलने म्हटलेलं 'तिला' सुद्धा. अण्णा माझ्या कानाकडे बघत होते, म्हणजे नीट बघत होते.

"म्हणजे तो कोलंबोला आला नव्हता."

"ते माहीत नाही. ती बाई आली होती."

"हॉलंडला गेला नव्हता."

"माहीत नाही, अण्णा."

"म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही."

"नाही."

"मग चार महिने तू मला काय वाचून दाखवत होतीस गं?"

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कपावर साय धरली.

मग म्हणाले, "परत वाच. बाई म्हणून वाच."

मी फाइल उघडली. कुणी एक इंजिनीयर, पत्नी, तीन मुलं अन् बाई.

"नाव?"

"नाही."

मळ्याचा मॅनेजर, पत्नी, एक मूल अन् बाई.

"नाव?"

"नाही, अण्णा."

असं सात-आठ पानं झालं. मग ते विचारायचे थांबले, मीही वाचायची थांबले. आणि ते अचानक म्हणाले, "काकीचं नाव काय होतं?"

मला वाटलं माझी परीक्षा घेताहेत. मी म्हणाले, "मला कसं माहीत असेल? मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या."

"हो. खरंच की." ते कुंडीकडे वळले. "बाबूचं पाळण्यातलं नाव तिलाच माहीत असणार, पण ती कशी घेणार नवऱ्याचं नाव? एकदा हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला म्हणून उखाणा घेतला होता तिने. मी माजघरातच होतो. लाडू खात होतो. ऐकलं नाही नीट."

त्यांनी गावच्या चुलतभावाला फोन लावायला सांगितला. तो शहाऐंशीचा, हे सत्त्याऐंशीचे, दोघंही ओरडून बोलत होते. "अरे, काकीचं नाव!" "कोणाचं?" "काकीचं!" "काकीचं नाव? काकी!" मग भावाने विचारलं, तिकडे थंडी पडली का.

*

सर्वपित्रीला आमचे भटजी डोंबिवलीहून व्हिडिओवर येतात. सकाळी कॉफी टेबलावर टॅबलेट उभा करतो, कार्पेटवर फुकट येणारा लोकल पेपर पसरतो, त्यावर ताम्हण, पळी-पंचपात्र, काळे तीळ. अण्णा सोवळ्याऐवजी थर्मलवर धोतर नेसतात. मी मागे उभी राहून पाणी ताम्हणात पडतंय ना ते बघते. ते त्यांना दिसत नाही.

वडील झाले, आजोबा, पणजोबा झाले, आई, माझ्या सासूबाई झाल्या. अण्णा म्हणाले, "भटजी, अजून एक आहेत. चुलत आजोबा."

"सांगा. नाव?"

"बाबू."

"ते हाक मारायचं झालं. मूळ नाव?"

"माहीत नाही."

"असू दे, गोत्र तेच ना? मग चालतंय. घ्या पाणी. घेतलंत? तीळ घ्या. कधी गेले?"

अण्णांनी ओंजळीत पाणी घेतलं होतं. "तेही माहीत नाही."

"हरकत नाही, सर्वपित्रीला सगळे येतात. पण गेले आहेत ना?"

ज्या माणसाने हॉस्पिटलात मृत्यूच्या इतक्या सर्टिफिकेटांवर सह्या केल्या, तो ओंजळ तशीच धरून बसला. मी मागून खूण करायचा प्रयत्न केला, पण मान हलवलेली त्यांना कुठून दिसणार.

"असं कसं सांगू?" अण्णा म्हणाले. "मी बघितलेलं नाही. कुणीच बघितलेलं नाही."

"अहो, पण हिशेबाने ते आज सव्वाशे-दीडशे वर्षांचे..."

"ते बरोबर आहे. पण मी हो म्हणालो की काकी..." आणि थांबले.

भटजींच्या मागे कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिटी झाली. अण्णांच्या बोटांच्या फटीतून पाणी निघालं होतं, मनगटावरून ओघळून धोतरावर, तिथून पेपरवर. दोन थेंब ताम्हणात पडले, ते मी बघितले. तीळ तळहाताला चिकटून राहिले होते.

"सोडलंत का?" भटजींनी विचारलं.

अण्णांनी मान थोडी तिरकी करून माझ्या कानाकडे बघितलं. "पडलं का गं पाणी?"

"हो, अण्णा," मी म्हणाले. "पडलं."